वैतरणा ते विरार, मधे थांबा नाही

सफाळे सुटले की वैतरणा खाडीवरचे दोन पूल लागतात. मग वैतरणा स्टेशन, आणि तिथून विरार येईपर्यंत आठ-नऊ किलोमीटर गाडीला थांबा नाही. मुंबईत दर दोन-तीन मिनिटांनी फलाट येतो, पालघर-बोईसरच्या प्रवाशाच्या नशिबात ते नाही. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली. सोय झाली, तशी गर्दीही वाढली. बहुतेकांसाठी हा पट्टा डुलकी काढण्याचा किंवा भाजी निवडण्याचा. एखाद्याला मात्र नेमका इथेच दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात. ‘आत्ता काही झालं तर उतरणार कुठे?’ हा विचार डोक्यातून जात नाही. असे एकदोनदा झाले की तो माणूस विरारला जाणे टाळतो. पुढे पालघर स्टेशन टाळतो, मग शेअर रिक्षा, आणि काही महिन्यांनी कोपऱ्यावरचा बाजारसुद्धा.

या विकाराचे नाव अ‍ॅगोराफोबिया. ‘मोकळ्या जागेची भीती’ एवढ्यावर त्याची बोळवण करतात, पण खचाखच भरलेल्या डब्यात मोकळी जागा कुठली? १८७१ साली बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरांनी तीन पुरुष रुग्णांची हकिकत लिहिली. शहरातले चौक आणि रिकामे रस्ते एकट्याने ओलांडताना त्यांचा जीव घाबरा होई. सोबतीला कोणी असले की तेच अंतर ते चालून जात. ही सोबतीची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण भीती मुळात जागेची नसतेच. आपल्या शरीराने दगा दिला तर सुटका नाही आणि मदतही नाही, याची ती भीती असते. अमेरिकी मानसोपचार संघटनेची २०१३ची नियमावली पाच प्रसंग सांगते: सार्वजनिक वाहन, मोकळी जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटे असणे. यांपैकी किमान दोन प्रसंगांची भीती साधारण सहा महिने टिकली आणि जगणे आक्रसू लागले, तर निदान होते.

शरीरात घडते ते असे. मेंदूतली धोक्याची यंत्रणा चुकून चेतते, तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात वायुगळती नसतानाच भोंगा वाजावा तशी. श्वास जलद होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, गरगरते, बोटे आणि ओठ बधिर होतात. ‘हार्टअटॅक आला’ किंवा ‘आता चक्कर येऊन पडणार’ असा अर्थ माणूस त्यातून काढतो, आणि त्या अर्थाने भीती आणखी भडकते. हे दुष्टचक्र ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडले. गंमत अशी की घबराटीत रक्तदाब सहसा वाढतो, आणि शुद्ध हरपायला तो कोसळावा लागतो. म्हणून ज्या बेशुद्धीच्या धास्तीने माणूस घरात बसतो, ती अशा झटक्यात क्वचितच येते. झटका काही मिनिटांत कळस गाठतो आणि ओसरतो. पण तोवर माणूस स्टेशनवर उतरून पळालेला असतो, आणि मेंदू नोंद करतो: पळालो म्हणून वाचलो.

खऱ्या धोक्याची भीती निराळी. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा धुंदलवाडीच्या परिसरात माणसे थंडीत घराबाहेर झोपली. तो शहाणपणा होता. भिंत खरोखर पडू शकत होती.

या विकाराचे निदान उशिरा होते, याला माझ्या मते आपली कौतुकेही कारणीभूत आहेत. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतो, आणि ‘आमची सून उगाच बाहेर फिरत नाही’ हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. नवरा येताना दूध-भाजी आणतो, मुलाला शाळेत सासरे सोडतात, बँकेचे काम दीर करतो. प्रत्येक जण मायेने करतो, आणि प्रत्येक मदतीनिशी तिचे वर्तुळ लहान होते. परप्रांतातून एमआयडीसीत आलेला कामगार खोलीतच पडून राहिला, तर ‘दारू पितो’ म्हणून विषय संपतो. छातीत धडधडते म्हणून ईसीजी काढतात, तो निर्दोष येतो, ‘गॅस झालाय’ असे ऐकून माणूस परततो. गावाकडे ‘बाहेरचं आहे’ म्हणत भगताकडेही नेतात. ईसीजी चुकीचा नव्हे. छातीत पहिल्यांदा दुखले तर आधी दवाखानाच गाठावा. थायरॉइड, रक्तक्षय, कानाचा तोल हेही तपासून घ्यावे. गडबड होते ती अहवाल निर्दोष आल्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून.

उपचारात सर्वाधिक भरवशाचा आहे तो टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव, आणि त्याला आपली रेल्वेलाइन चांगली उपयोगी पडते. आधी दुपारच्या निवांत वेळी पालघरच्या फलाटावर नुसते बसायचे. मग पालघर ते उमरोळी एकच स्टेशन, आधी सोबतीने, नंतर एकट्याने. पुढे बोईसर. मग उलट दिशेला केळवे रोड, सफाळे, वैतरणा, आणि शेवटी विरार. निघण्यापूर्वी वहीत लिहायचे: ‘उमरोळी येण्याआधी मी बेशुद्ध पडेन.’ उतरल्यावर ते पडताळायचे. भीती वाटतच नाही असे होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. मेंदूला भाकीत चुकलेले दिसले पाहिजे. काही उपचारक दवाखान्यातच जिना चढउतर करायला किंवा खुर्चीत गोल फिरायला लावतात, म्हणजे धडधड आणि गरगर यांची ओळख होते. पर्समधली ‘वेळ पडली तर’ची गोळी, सतत चालू ठेवलेला फोन, हवेसाठी दारात उभे राहणे या कुबड्या हळूहळू सोडाव्या लागतात. शेवटची तर जिवावर बेतणारी आहे, या मार्गावर ती पहिल्याच दिवशी सोडावी.

सर्ट्रालिनसारखी औषधे मदत करतात, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढू शकते, म्हणून डॉक्टर कमी मात्रेने आरंभ करतात. अल्प्राझोलामच्या गोळीने तासाभरात बरे वाटते, आणि तोच तिचा धोका: सवय लागते, शिवाय श्रेय गोळीला जाते. मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचण्यासाठी घराबाहेर पडावे लागते, ही या रुग्णाची खरी अडचण. ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही मिळते. सुरुवात तिथून करता येते.

बरे झाल्यावरही जुनी भीती पुसली जात नाही. तिच्यावर नवा अनुभव बसतो, आणि तो ज्या परिस्थितीत मिळाला तिथेच सर्वांत पक्का असतो. दुपारच्या रिकाम्या डब्यात शिकलेले सकाळच्या गर्दीत डळमळते. म्हणून सराव वेगवेगळ्या गाड्यांत, वेगवेगळ्या वेळी, पावसातही करायचा असतो. जुलैत रुळांवर पाणी भरून गाडी मधेच अडली, तर तो अर्धा तासही सरावात धरायचा. हे आधी ठरवून ठेवलेले असले, तर त्या अर्ध्या तासात पाण्याकडे बघत श्वास मोजण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही.