तिखट की बिनतिखट? रानमिरचीचे कोडे

ढोबळी मिरची आणि ब्याडगी मिरची शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक फुगीर, जाड सालीची आणि बिनतिखट. दुसरी लांब, सुरकुतलेली आणि लालभडक. या दोन्ही एकाच जातीच्या आहेत असे सांगितले, तर तुमचा विश्वास बसेल का? पण ते खरे आहे. वनस्पतिशास्त्रात दोघींचे नाव एकच – कॅप्सिकम ॲन्युअम.

हे फरक माणसाने पिढ्यान् पिढ्या बी निवडून घडवले. मिरची मूळची अमेरिका खंडातील; आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली. मग जिथे माणसाचा हात लागलेला नाही, त्या रानात काय दिसते?

एकाच रानात दोन चवी

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाच्या आग्नेय भागात कॅप्सिकम चाकोएन्से नावाची रानमिरची वाढते. तिची फळे पक्ष्याने सहज गिळावीत एवढी लहान, पिकल्यावर लाल. शेजारच्या दोन झुडपांची फळे चाखली, तर एकाने जीभ भाजते आणि दुसरे मुळीच तिखट लागत नाही! तरीही या दोन जाती नव्हेत. दोन सख्ख्या भावांचे रक्तगट वेगळे असू शकतात, तसाच हा एका जातीतील नैसर्गिक भेद आहे.

मग जाती ओळखायच्या कशा? लिनियसने १७५३ साली मिरचीच्या दोनच जाती नोंदवल्या होत्या. आज चाळीसहून अधिक ज्ञात आहेत. त्यांपैकी पाच माणसाने लागवडीखाली आणल्या. फळाचा आकार, रंग आणि चव लवकर बदलतात. त्यामानाने फुले व बिया अधिक विश्वासू साक्षीदार ठरतात. कॅप्सिकम ॲन्युअमचे फूल पांढरे, बहुधा एका पेरावर एकच. कॅप्सिकम बॅकेटमच्या पाकळ्यांवर हिरवट-पिवळे ठिपके. कॅप्सिकम प्युबेसेन्सची फुले जांभळी आणि बिया काळ्या. नावावर मात्र भरवसा ठेवू नका. जॅक्विन या शास्त्रज्ञाने १७७६ साली एका जातीला ‘कॅप्सिकम चायनेन्से’ म्हटले. ती चीनची आहे असा त्याचा समज झाला होता! चूक कळली, पण नामकरणाच्या नियमांमुळे नाव तसेच राहिले.

तिखटपणाची किंमत

मिरचीला तिखटपणा कॅप्सायसिन या द्रव्यामुळे येतो. ते बियांमध्ये नव्हे, तर बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात तिथे तयार होते. उंदरासारखे प्राणी बिया चावून नष्ट करतात; त्यांना तोंडात आग होते, म्हणून ते तिखट फळापासून दूर राहतात. पक्ष्यांना ही आग जाणवत नाही. ते फळे गिळतात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया धडधाकट बाहेर पडून दूरवर रुजतात.

जोशुआ ट्यूक्सबरी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली आणखी एक उपयोग दाखवला. रस शोषणारे ढेकण्यांसारखे कीटक फळाला भोके पाडतात, त्यांतून बुरशी आत शिरते आणि बिया कुजवते. कॅप्सायसिन या बुरशीला आवर घालते.

मग सगळीच झुडपे तिखट का झाली नाहीत? याचे उत्तर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिळाले. तिखट झुडपांच्या पानांवर पर्णरंध्रे अधिक दाट असतात, त्यामुळे पाणी लवकर उडून जाते. पाण्याची टंचाई असताना त्यांना बिनतिखट झुडपांच्या निम्म्याच बिया धरतात. म्हणून दमट भागात, जिथे बुरशीचे भय मोठे, तिथे तिखट झुडपांची सरशी होते. कोरड्या भागात बिनतिखट झुडपे बहुसंख्य असतात. कोणताही गुण सर्वत्र चांगला किंवा वाईट नसतो. तो कुठे चांगला, हे परिस्थिती ठरवते.

म्हणूनच रानमिरचीचे एकच झुडूप जपून भागत नाही. नव्या रोगाला किंवा दुष्काळाला तोंड देणारा गुण नेमका कोणत्या झुडपात दडला असेल, हे आधी सांगता येत नाही.

करून पाहा : परसात किंवा कुंडीत निरनिराळ्या मिरच्यांची रोपे लावा. फुलाचा रंग, एका पेरावरील फुलांची संख्या, फळाची दिशा आणि बियांचा रंग यांचा तक्ता करा. फळांपेक्षा फुलांत साम्य अधिक आढळते का, ते तुम्हीच ठरवा. मिरची चिरल्यावर हात मात्र साबणाने धुवा आणि डोळ्यांना लावू नका!