पडवीतला पाना

ग्रँड रॅपिड्स (मिशिगन), मेअखेर

मिशिगन हा सरोवरांचा मुलूख आहे. लहानमोठी 11,000 हून अधिक सरोवरे एकट्या या राज्याच्या पोटात आहेत, आणि मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाची सुटी आली की, घरोघरच्या नावा हिवाळाभराची आच्छादने टाकून चाकांच्या गाड्यावर चढतात. हा गाडा मोटारीमागे ओढण्यासाठी मोटारीच्या तळाशी जी पोलादी जोडणी लागते तिला येथे ‘हिच’ म्हणतात. आणि ती कारखान्यात नव्हे, तर आपल्या घरच्या पडवीत स्वतः बसवणारे गृहस्थ येथे गल्लोगल्ली भेटतात.

आमचे शेजारी निवृत्त शिक्षक. गेल्या शनिवारी त्यांच्या हाताखाली मी दिवसभर राबलो. येथे कारागिराची मजुरी तासावर आकारली जाते व ती जबर असते, हे कारण खरेच. पण जी वस्तू आपल्या कुटुंबामागून धावणार तिचा प्रत्येक नट आपण आवळलेला असावा, ही त्यांची भावना मला त्याहून मोलाची वाटली.

मोटारीची मागची चाके उतरत्या ठोकळ्यांवर चढवून आम्ही खाली शिरलो. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, त्यामुळे सारे गंजलेले. सायलेन्सरची नळी रबरी कड्यांतून सोडवायलाच अर्धा तास गेला. खरे कौशल्य पुढेच होते. चेसिसची तुळई पोकळ, बोल्ट आतून बाहेर यायला हवा, आणि आत तर हात जात नाही. तेव्हा टोकाला वेटोळे असलेली एक तार बोल्टच्या भोकातून आत सारून तुळईच्या मोठ्या छिद्रातून बाहेर काढायची, तीत आधी पोलादी चौकट ओवायची, मग बोल्टचे आटे वेटोळ्यात फिरवून बसवायचे, आणि तार अलगद मागे ओढायची. दोनदा बोल्ट आत निसटला. तिसऱ्यांदा त्याचे टोक भोकातून बाहेर डोकावले, तेव्हा झालेला आनंद मी विसरणार नाही. जोडणीचे सुमारे 40 पौंडांचे ते धूड दोघांनी छातीवर पेलून वर लावले आणि मोटारीचे सामान विकणाऱ्या दुकानातून अनामत रकमेवर आणलेल्या टॉर्क-पान्याने, पत्रकात नमूद केल्याप्रमाणे, 110 फूट-पौंडांपर्यंत नट आवळले.

मग गाड्याच्या दिव्यांसाठी विजेच्या तारा चार: पांढरी चेसिसला, तपकिरी मागच्या दिव्यांना, पिवळी डाव्या इशाऱ्याला व ब्रेकला, हिरवी उजव्या इशाऱ्याला व ब्रेकला.

वजनाच्या बाबतीत मात्र गुरुजी कठोर. गाड्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर यावा. कमी आला तर गाडा वेगात डोलू लागतो, फार झाला तर मोटारीची पुढची चाके हलकी पडून सुकाणू नीट ऐकत नाही. जोडणी कितीही भक्कम असो, मोटारीला सोसेल तेवढेच ओझे ओढावे, हे त्यांनी मला दोनदा बजावले.

आपल्याकडे सुशिक्षित माणूस पाना हाती धरायला संकोचतो, आणि त्यात त्याचेच नुकसान आहे, असे मला त्या दिवशी तीव्रतेने वाटले.

सोमवारी निघताना त्यांनी गाड्याच्या दोन्ही साखळ्या त्याच्या पुढच्या दांड्याखालून फुलीसारख्या अडकवल्या, म्हणजे जोड सुटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांवर तोलला जाईल. वाटेत एकदा थांबून नटांवर पाना पुन्हा फिरवून पाहिला, आणि साडेदहाच्या सुमारास नाव पाण्यात उतरली.