सायकलीच्या मागील चाकांतील विजेची मोटर

सायकल हें शेतकऱ्याचें बिनवैरणीचें वाहन होय. तिच्या मागील चाकाच्या तुंब्यांत विजेची मोटर बसविण्याचे संच हल्लीं बाजारांत मिळतात. दुधाच्या किटल्या किंवा भाजीची पाटी घेऊन रोज तालुक्याच्या गांवीं जाणाऱ्या शेतकरी बंधूंस ते उपयोगी पडण्याजोगे आहेत. परंतु पैसे मोजण्यापूर्वीं काय पाहावें, याचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंतील ऑग्डेन बोल्टन या गृहस्थानें मागील तुंब्यांत मोटर असलेल्या सायकलीचें पेटंट ३१ डिसेंबर १८९५ रोजीं मिळविलें होतें. खरी अडचण जड बॅटरीची होती. लिथियमच्या हलक्या बॅटरीमुळें ती आतां पुष्कळ अंशीं दूर झाली आहे.

बैलगाडीचा आंस स्थिर राहून तुंबा फिरतो, तसेंच येथें आहे. साध्या प्रकारांत आंसाभोंवतीं तांब्याच्या तारांचीं वेटोळीं असून तुंब्याच्या कवचास आंतून लोहचुंबक बसविलेले असतात. वेटोळ्यांतून क्रमाक्रमानें वीज सोडली कीं चुंबकांसह चाक फिरूं लागतें. दुसऱ्या प्रकारांत आंत दांत्यांचीं चाकें असतात. मोटर जलद फिरते व चाक सावकाश, पण अधिक जोरानें फिरतें. ओझें व चढ ज्यांच्या वाटेस आहेत, त्यांनीं हा दुसरा प्रकार घ्यावा.

आतां मुख्य मुद्दा. मोटर चाकास पुढें फिरविते, तेव्हां तितक्याच जोरानें आंस उलट फिरूं पाहतो. साध्या सायकलीच्या आंसावर असा पीळ पडत नाहीं. तो आवरण्यास चिमट्याच्या दोन खांचा व दोन नट एवढेंच असतें. नट सैल पडल्यास आंस खांचेंत फिरतो, त्याच्या टोकांतून निघालेल्या तारा पिळून तुटतात, आणि प्रसंगीं चाकच निसटून स्वाराच्या जिवावर बेततें. याकरितां चौकट पोलादाची असावी; पातळ ॲल्युमिनियमची खांच या पिळानें तडकते. आंसास चौकटीशीं जखडणारी ‘टॉर्क आर्म’ नांवाची पोलादी पट्टी अवश्य लावावी. पंक्चर काढण्यासाठीं चाक उतरविलें असतां पट्टी व नट पूर्ववत् आवळले कीं नाहीं, हें मालकानें स्वतः पान्यानें पाहावें. पुष्कळ संच १३५ मिलिमीटर अंतराच्या चिमट्यासाठीं असतात. म्हणून आपला चिमटा आधीं मोजून घ्यावा.

ब्रेकाकडे दुर्लक्ष करूं नये. संचाबरोबर येणारी मूठ दाबतांच मोटर बंद होते; परंतु ती तारेच्या ब्रेकाकरितां असते. दांड्याच्या ब्रेकाची जुनी सायकल असल्यास आधीं ब्रेक बदलावे.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. भरतांना होणारी घट धरूनही अर्ध्या युनिटाच्या आंत वीज लागते. पॅडल मारीत गेल्यास व दर किलोमीटरास १२ ते १५ वॅट-तास धरल्यास २४ ते ३० किलोमीटर वाट होते. ओझें, चढ व समोरचा वारा यांनीं ती घटते. बॅटरी कडब्याच्या गंजीजवळ भरूं नये, व तुंबा बुडेल एवढ्या पाण्यांत सायकल घालूं नये.

कायद्याचें कलमही ध्यानांत ठेवावें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणें मोटरची शक्ति २५० वॅटपेक्षां कमी असावी, वेग ताशीं २५ किलोमीटरच्या मर्यादेंत असावा, आणि हें मान्य चांचणी संस्थेनें पडताळलेलें असावें. याहून जोरदार संच लावल्यास सायकल मोटारगाडींत जमा होते, व नोंदणी, विमा आणि परवाना हीं सर्व मागें लागतात. दुकानदाराची तोंडी ग्वाही येथें कामाची नाहीं. लेखी कागद घ्यावा.

अधिक वेगाच्या मोहास न पडतां मजबूत चौकट, घट्ट आंस व चांगला ब्रेक यांवर प्रथम पैसा खर्चावा, अशी आमची शेतकरी बंधूंस विनंति आहे.