विहिरीवरील विजेची मोटार का जळते?

गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी पाण्याची पाळी चुकल्यास उत्पन्न घटते. नेमकी तेव्हाच मोटार जळाली, तर ती दुरुस्त होऊन येईपर्यंत पीक वाट पाहत नाही. दोष मात्र पुष्कळदा मोटारीचा नसून वीजपुरवठ्याचा असतो.

तीन फेजची मोटार ४१५ व्होल्ट दाबासाठी बनविलेली असते. दाब ३३२ व्होल्टांवर उतरल्यास तिचा फिरविण्याचा जोर सुमारे दोन-तृतीयांश उरतो. पाण्याचा भार तोच राहिल्याने ती अधिक प्रवाह ओढते व तापते. चालू मोटारीची एक फेज गेल्यास उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोनपट प्रवाह वाहतो व थोड्याच वेळात वायंडिंग जळते.

यास्तव स्टार्टरजवळ व्होल्टमीटर व फेज जाताच मोटार बंद करणारे संरक्षक साधन बसवावे. फ्यूजमध्ये जाड तार कधीही घालू नये. वीज येताच साऱ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, तर दाब आणखी घसरतो. म्हणून एका रोहित्रावरील शेतकरी बंधूंनी क्रम ठरवून, थोड्या थोड्या अंतराने मोटारी सुरू कराव्यात. ग्रामसेवकांनी यात पुढाकार घ्यावा.