अंगणातील गाडीची शेड : सुरक्षित उभारणी

उन्हाने तापलेली, पावसाने भिजलेली गाडी लवकर झिजते. रंग उडतो, रबर तडकते, पत्र्याला गंज चढतो. म्हणून अंगणात, घराच्या भिंतीला न टेकता स्वतःच्या खांबांवर उभी राहणारी पत्र्याची शेड करून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. ज्यांची रिक्षा किंवा टेम्पो हेच उपजीविकेचे साधन आहे, त्यांच्यासाठी तर अशी शेड ही गरजच असते. चार-सहा लोखंडी खांब, वर थोडे पाइप आणि पत्रे, एवढीच तिची सामग्री. त्यामुळे हे काम दोन दिवसांत घरच्या घरी उरकण्याजोगे वाटते. परंतु जी वस्तू उभारण्यास सोपी दिसते, ती उभी राहण्यासही तितकीच सोपी असते असे नाही. या पाठात आपण शेड कशामुळे पडते किंवा उडते, हे प्रथम समजून घेऊ आणि त्यानंतर ती सुरक्षितपणे कशी उभारावी, हे क्रमाने पाहू.

१. वारा छपराला काय करतो?

छप्पर म्हटले की त्याचा भार खाली येतो, एवढेच आपल्या मनात असते. घराच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. चहूबाजूंनी मोकळ्या असलेल्या शेडची गोष्ट मात्र वेगळी आहे. वारा छपराच्या वरून वेगाने वाहतो तेव्हा तेथील हवेचा दाब कमी होतो. त्याच वेळी खालून शिरणारा वारा पत्र्याला वर ढकलतो. अशा रीतीने छपरावर दोन्ही बाजूंनी वर उचलणारा जोर निर्माण होतो. शेड मोडून खाली पडण्यापेक्षा उपटून वर जाण्याची भीती अधिक असते, ती यामुळेच.

हा जोर किती असतो, याचा अंदाज सोप्या गणिताने बांधता येतो. वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंद या एककात घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि त्याला ०.६ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे एका चौरस मीटरवरील दाब, न्यूटनमध्ये. ढोबळमानाने १० न्यूटन म्हणजे एक किलोग्रॅम वजन धरावे. वेग १० असेल तर दाब ६ किलोग्रॅम येतो, २० असेल तर २४ आणि ४० असेल तर ९६. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे येथे ध्यानात घ्यावे. रोजच्या वाऱ्यात वर्षभर निमूट उभी असलेली शेड एखाद्या वळवाच्या वादळात क्षणात का उडते, याचे उत्तर या वर्गाच्या नियमात आहे.

भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात देशातील निरनिराळ्या ठिकाणांसाठी वाऱ्याचे मूलभूत वेग दिलेले आहेत. ते बंगळूर येथे ३३, पुणे व नाशिक येथे ३९, मुंबई, नागपूर व हैदराबाद येथे ४४, दिल्ली येथे ४७, तर कोलकाता व चेन्नई येथे ५० मीटर प्रतिसेकंद आहेत. ३९ मीटर प्रतिसेकंद म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. असा वारा रोज वाहत नाही. परंतु बांधकामाच्या आयुष्यात तो एकदा तरी वाहील, असे धरूनच बांधावे लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कोकणातील असंख्य घरांवरचे पत्रे उडून गेले. उडालेला पत्रा केवळ आपले नुकसान करून थांबत नाही. धारदार कडेचा तो पत्रा रस्त्यावरच्या माणसावर, शेजाऱ्याच्या घरावर किंवा विजेच्या तारांवर जाऊन पडतो. म्हणून आपली शेड मजबूत असणे हा केवळ आपला खाजगी प्रश्न नाही.

२. खड्ड्यातील वजनाचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. शेडचे खांब ३ मीटर रुंद व ५ मीटर लांब अशा आयतावर उभे आहेत आणि छप्पर चारही बाजूंनी पाव मीटर बाहेर आले आहे. म्हणजे छपराचे क्षेत्रफळ ३.५ गुणिले ५.५, अर्थात १९.२५ चौरस मीटर झाले. वाऱ्याचा वेग ३९ धरला तर दर चौरस मीटरला सुमारे ९१ किलोग्रॅम जोर येतो आणि संपूर्ण छपरावर सुमारे १,७५० किलोग्रॅम. याउलट पत्रे आणि लोखंडी सांगाडा यांचे एकत्रित वजन जेमतेम २५० ते ३०० किलोग्रॅम भरते. उरलेला जोर पेलणार कोण? त्याचे उत्तर एकच : जमिनीतील काँक्रीट.

४५ सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल असा खड्डा काँक्रीटने भरला, तर त्या ठोकळ्याचे वजन सुमारे २९० किलोग्रॅम होते. असे सहा खांब असल्यास सुमारे १,७५० किलोग्रॅम वजन शेडला खाली धरून ठेवते. सांगाड्याचे वजन त्यात मिळवले की वाऱ्याच्या जोरापेक्षा पारडे थोडे जड होते. वाऱ्याचा वेग ४४ धरावयाचा असेल, तर वर उचलणारा जोर सुमारे २,२४० किलोग्रॅमपर्यंत जातो. अशा ठिकाणी हेच खड्डे निदान ७५ सेंटिमीटर खोल असले पाहिजेत. हा हिशेब विषय समजण्यापुरता आहे. छपराच्या कडांवर व कोपऱ्यांवर जोर सरासरीपेक्षा अधिक असतो. समुद्रकिनारा, उघडे माळरान, टेकडीचा माथा किंवा भुसभुशीत काळी जमीन असेल, तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

फरशीवर खांब नुसते ठेवून किंवा पातळ कोब्यात छोटे खिळे-बोल्ट ठोकून शेड उभी करणे किती धोक्याचे आहे, हे आता वेगळे सांगावयास नको. दोन इंच कोब्याला धरलेला बोल्ट कोब्यासकट उखडला जातो.

३. जागेची निवड

काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा गृहनिर्माण संस्था यांपैकी जिचा अधिकार असेल तिच्याकडे परवानगीची चौकशी करावी. त्यानंतर मान वर करून पाहावे. विजेच्या तारांच्या खाली किंवा लगत शेड उभारू नये. घरगुती पुरवठ्याच्या कमी दाबाच्या तारा छपराच्या सर्वांत उंच भागापासून वर निदान २.५ मीटर आणि बाजूने निदान १.२ मीटर दूर असाव्या लागतात. ११ हजार व्होल्टच्या तारांसाठी उभे अंतर ३.७ मीटर असावे लागते. शेड पूर्ण झाल्यावर हे अंतर मिळेलच. परंतु उभारणी चालू असताना हातातला सहा मीटरचा पाइप उभा केला तर काय होईल, याचाही विचार तेव्हाच करावा. शंका असल्यास वीज कंपनीस कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. जमिनीखालून गेलेली पाण्याची नळी, सांडपाण्याची वाहिनी किंवा विजेची केबल कोठे आहे, हेही खोदण्यापूर्वी जाणून घ्यावे.

४. उभारणीचा क्रम

आखणी : जमिनीवर खुंट्या व दोरी लावून ३ गुणिले ५ मीटरचा आयत आखावा. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत, हे कर्ण मोजून कळते. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे ५.८३ मीटर भरले पाहिजेत. दोहोंत फरक आला तर आयत तिरपा झाला आहे, असे समजावे.

खांब : लांबीच्या प्रत्येक बाजूस अडीच मीटर अंतराने तीन, असे सहा खांब घ्यावेत. प्रत्येक खांबाच्या तळाशी आडवी सळई जोडावी, म्हणजे तो काँक्रीटमधून उपसून येत नाही. खड्ड्याच्या तळाशी प्रथम दहा सेंटिमीटर काँक्रीट घालावे, त्यावर खांब ठेवावा, ओळंब्याने तो सरळ करावा, लाकडी वाशांचे तिरके टेकू द्यावेत आणि मग खड्डा भरावा. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी हे प्रमाण चालते. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा थोडा उंच व बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा. कारण खांब जमिनीलगतच आधी गंजतो. त्यानंतर निदान सात दिवस काँक्रीटवर पाणी मारावे आणि तोवर छपरास हात लावू नये. घाईने कच्च्या काँक्रीटवर पत्रे चढवल्यास पहिल्याच सोसाट्याच्या वाऱ्यात खांब हलून ढिले होतात.

सांगाडा : एका बाजूचे खांब २.५ मीटर व दुसऱ्या बाजूचे २.२ मीटर उंच ठेवावेत, म्हणजे दर मीटरमागे १० सेंटिमीटर उतार मिळतो. समोरासमोरच्या खांबांवर तिरप्या तुळया आणि त्यांवर लांबीच्या दिशेने सुमारे १.१ मीटर अंतराने चार आडवे पाइप बसवावेत. खांब व तुळई यांच्या कोनात तिरके आधार देणे विसरू नये. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. या तिरक्या आधारांमुळे सांगाड्यात त्रिकोण तयार होतात. वेल्डिंगचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. त्याच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये व मुलांना दूर ठेवावे. आसपास पेट्रोलचा डबा किंवा गाडी उभी असता कामा नये.

पत्रे : वारा ज्या दिशेने येतो, तिच्या विरुद्ध टोकापासून पत्रे बसवण्यास प्रारंभ करावा. महाराष्ट्रात पावसाळी वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. म्हणून लांबी पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेकडून सुरुवात करावी. त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडातील फट वाऱ्याकडे तोंड करून राहत नाही. शेजारच्या पत्र्यांची एक ते दोन नाळ्यांची चढ ठेवावी. स्क्रू किंवा जे-हुक पत्र्याच्या उंचवट्यावर, वॉशरसह बसवावेत. कडांना व कोपऱ्यांना ते अधिक जवळजवळ लावावेत. कारण पत्रा उडू लागतो तो कोपऱ्यापासूनच. पत्र्यावर दगड, विटा किंवा टायर ठेवून तो धरला जातो, ही समजूत सोडून द्यावी. वादळात पत्र्याबरोबर हे दगडही खाली येतात.

५. काम करणाऱ्याचे रक्षण

शेड उभारताना होणारे अपघात बहुतेक वेळा साध्या गोष्टींतून होतात. पुढील पथ्ये पाळावीत.

• हे काम एकट्याने करू नये. निदान तीन माणसे असावीत आणि त्यांपैकी एकाने सदैव शिडी धरावी.
• शिडी चार मीटर उंचीवर टेकवली असेल, तर तिचा पाय भिंतीपासून किंवा खांबापासून एक मीटर दूर असावा. वरचे टोक दोरीने बांधावे.
• वारा सुटला असता पत्रा उचलू नये. हातातला पत्रा शिडासारखा फुगतो व माणसाला ओढून नेतो.
• पत्र्याच्या कडा धारदार असतात. हातात जाड चामडी मोजे, पायात बूट आणि लोखंड कापताना डोळ्यांवर चष्मा असावा.
• छपरावर चढावेच लागले, तर जेथे खाली पाइप आहे त्या रेषेवर फळी टाकून तीवरच पाय द्यावा.
• जुने ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे कापू, घासू किंवा फोडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.
• शेडमध्ये दिवा लावल्यास तारा नळीतून न्याव्यात, लोखंडी सांगाड्यास अर्थिंग करावे आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारे संरक्षक स्वीच बसवावे.

६. कापडी मंडप आणि पुढील निगा

अलीकडे पाइपांचा सांगाडा व वर जाड प्लास्टिकचे कापड, अशा तयार शेड खोक्यातून मिळतात. त्या हलक्या व सोयीच्या असतात. पण त्यांनाही वाऱ्याचा तोच नियम लागू आहे. त्यांच्याबरोबर येणाऱ्या छोट्या खुंट्या मऊ मातीत टिकत नाहीत. शिवाय कापड सैल पडले की त्यात पाणी साचते. दोन चौरस मीटर जागेत पाच सेंटिमीटर पाणी साचले, तर त्याचे वजन १०० किलोग्रॅम होते. म्हणून कापड ताणलेले व उतरते ठेवावे आणि वादळाचा इशारा मिळताच ते वेळेवर सोडून घ्यावे. वारा सुरू झाल्यावर ते सोडण्यास जाऊ नये.

लोखंडी शेडची तपासणी दरवर्षी मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी करावी. ढिले स्क्रू आवळावेत, फाटलेले वॉशर बदलावेत, खांबाच्या बुडाशी गंज खरवडून रंग द्यावा. पाऊसपाण्यापासून रक्षण व्हावे म्हणून पुढे बाजू बंद केल्यास दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, भिंतीमुळे वाऱ्याचा जोर वाढतो व वरचा हिशेब बदलतो. दुसरी, बंद जागेत गाडीचे इंजिन चालू ठेवल्यास विषारी वायू साचून माणूस गुदमरू शकतो.

शेडचा खर्च कमी करावयाचा झाला, की पहिली कात्री बहुधा खड्ड्यांना लागते; कारण काँक्रीट मातीखाली जाते व कोणास दिसत नाही. पत्र्याचा रंग मात्र सर्वांना दिसतो. पत्रा साधा घेतला तरी चालेल, एखादा पाइप जुना वापरला तरी निभावेल. परंतु जमिनीखालचे वजन आणि वरच्या कोपऱ्यांतील स्क्रू यांत काटकसर करू नये. सावलीसाठी उभारलेले छप्पर कोणाच्या जिवावर बेतू नये, याची जबाबदारी उभारणाऱ्याचीच असते.

विचार करा व लिहा

१. वाऱ्याचा वेग तिप्पट झाल्यास छपरावरील जोर किती पट होईल? कारण द्या.
२. ५० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर खोल खड्ड्यातील काँक्रीटचे वजन काढा. एक घनमीटर काँक्रीटचे वजन २,४०० किलोग्रॅम धरा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या पत्र्याच्या शेडचे दुरून निरीक्षण करा. तिच्यात आढळलेले दोन गुण व दोन उणिवा लिहा.
४. पत्र्यावर दगड ठेवणे धोक्याचे का आहे, हे शेजाऱ्यास समजावून सांगणारा उतारा आठ-दहा ओळींत लिहा.