विहिरीवरील विजेच्या केबलची निवड

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या विहिरींवरून मोट जाऊन पुष्कळ वर्षें लोटलीं. तिच्यामागून आलेलें तेलाचें इंजिनही आतां कोठें गोठ्याच्या कोपऱ्यांत गंजत पडलें आहे, आणि पाणी विजेच्या मोटारीनें निघतें. मोटार घेतांना शेतकरी चार दुकानें हिंडतो, शेजाऱ्यास विचारतो, कोणत्या कारखान्याची मोटार किती हंगाम टिकली याची चौकशी करतो. केबलच्या बाबतींत मात्र "पांच अश्वशक्तीला चालेल अशी द्या" एवढें सांगून तो मोकळा होतो, आणि दुकानदार जें बंडल पुढें टाकील तें घेऊन घरीं येतो. आमच्या मतें या एका वाक्यांतच चुकीचें मूळ आहे. केबल केवळ अश्वशक्तीवर ठरत नाहीं. मोटार किती दूर आहे यावर ती अधिक ठरते.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मंडळाच्या एका सभासदांची नदीवरील पांच अश्वशक्तीची मोटार एका हंगामांत दोनदां जळाली. दोन्ही वेळां वाइंडिंग करणाऱ्यानें मोटारीस दोष दिला. ऊंस ऐन वाढींत, पाळी चुकलेली, आणि मोटार तालुक्याच्या गांवीं दुकानांत पडलेली, अशा स्थितींत माणसाचा जीव किती मेटाकुटीस येतो हें वाचकांस सांगावयास नको. आम्ही मीटर घेऊन त्यांच्या मळ्यावर गेलों. स्टार्टरची पेटी डी. पी. जवळ, मोटार नदीच्या कांठीं, आणि मधलें अंतर सुमारें ४०० मीटर. एवढ्या अंतरावर दीड एम. एम. तांब्याची चपटी केबल बाभळींच्या खोडांवरून नेलेली होती. मोटार चालूं असतांना पेटीपाशीं ४१० व्होल्ट भरले; मोटारीच्या टर्मिनलवर ३४५. सभासदांनीं पेटींतील व्होल्टमीटर रोज पाहिला होता आणि तो बिचारा खरेंच सांगत होता. परंतु मोटार पेटींत नसते, ती नदीवर असते.

पाइपांतून पाणी नेतांना घर्षणानें जोर कमी होतो हें प्रत्येक बागाईतदारास ठाऊक आहे. चार इंची पाइपाचें काम दोन इंचींतून घेऊं गेल्यास दूरच्या टोकाला पाण्याची करंगळीएवढी धार पडते. तारेंतून जाणाऱ्या विजेचेंही तसेंच आहे. तार जितकी बारीक व लांब, तितका तिचा अवरोध अधिक, आणि तितकी वाटेंत दाबाची घट अधिक. दाब घटला कीं मोटारीचें बळ त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतें. म्हणजे ४१५ चे ३४५ झाले असतां बळ सुमारें दोनतृतीयांशच उरतें. पाण्याचें ओझें मात्र तेवढेंच राहतें. तें उचलण्यासाठीं मोटार अधिक प्रवाह ओढते, अधिक प्रवाहानें आंतील गुंडाळी तापते, आणि अखेर तिचें रोगण करपतें. चालूं होतेवेळीं तर मोटार नेहमींच्या पांचसहा पट प्रवाह घेते. त्या क्षणीं बारीक केबलींतून इतका दाब गळतो कीं मोटार नुसती घूं घूं करीत बसते. हा आवाज ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांनीं मोटारीस शिव्या देण्यापूर्वीं केबल मोजावी.

हिशेब अवघड नाहीं. मोटारीच्या पट्टीवर पूर्ण भाराचा प्रवाह अँपिअरमध्यें लिहिलेला असतो. पांच अश्वशक्तीच्या तीन फेजच्या मोटारीस तो साधारण आठ अँपिअर धरावा, सबमर्सिबलला थोडा अधिक. हे अँपिअर, किलोमीटरांतील अंतर आणि तारेचा दर किलोमीटरचा अवरोध यांचा गुणाकार करून त्यास १.४ नें गुणिलें, म्हणजे किती व्होल्ट गळतील तें अदमासें निघतें. लवचिक तांब्याच्या तारेचा अवरोध दीड चौरस मिलिमीटरला किलोमीटरमागें १३.३ ओहम, अडीचला सुमारें ८, चारला ४.९५ व सहाला ३.३ असतो. आठ अँपिअर ४०० मीटर न्यावयाचे असतील तर दीडच्या तारेंत जवळजवळ ६० व्होल्ट जातात, चारच्या तारेंत २२, सहाच्या तारेंत १५. शेंकडा तीन ते पांच इतकी घट चालते असें साधारणतः मानतात, म्हणजे ४१५ पैकीं १२ ते २१ व्होल्ट. तेव्हां त्या सभासदांस सहाच्या खालीं येण्यास जागा नव्हती. शिवाय हे आंकडे तार थंड असतांनाचे आहेत. ती तापून ७० अंशांवर गेली कीं अवरोध सुमारें एकपंचमांशानें वाढतो, आणि चैत्रवैशाखांत उघड्यावर पडलेली काळी केबल आधींच तापलेली असते.

येथें एक खुलासा करणें जरूर आहे. बाजारांत ज्याला दीड एम. एम., अडीच एम. एम. म्हणतात तो तारेचा व्यास नव्हे, तिच्या छेदाचें क्षेत्रफळ आहे. म्हणून वरील रबरासारखें आवरण जाड दिसलें यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. आंतील धातु बारीक आणि वरचें आवरण गुबगुबीत अशी केबल विकणारांचा तोटा नाहीं.

कोणी म्हणतील, वाटेंत वीज गळली तर आमचें काय गेलें? २०२४ सालच्या बळीराजा मोफत वीज योजनेपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें बिल शासन भरतें. बिलाची गोष्ट खरी आहे. परंतु दीडच्या केबलींत आठ अँपिअरवर सुमारें एक किलोवॅट नुसता तार तापविण्यांत जात होता. वीज मिळते ते मोजके तास, त्यांतही पाणी कमी पडतें, आणि मोटार जळाल्यास तिच्या वाइंडिंगचें बिल कोणतेंही शासन भरीत नाहीं.

तांबें घ्यावें कीं अॅल्युमिनियम, हा प्रश्न आम्हांस नेहमीं विचारण्यांत येतो. विहिरींत किंवा बोअरमध्यें सोडावयाच्या केबलसाठीं तांबेंच घ्यावें. तेथें लवचिकपणा लागतो आणि जोड पाण्यांत राहतात. जमिनींतून लांबवर न्यावयाच्या केबलसाठीं मात्र अॅल्युमिनियमविषयीं तिटकारा बाळगण्याचें कारण नाहीं. दहा चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमचा अवरोध किलोमीटरमागें ३.०८ ओहम आहे. म्हणजे सहाच्या लवचिक तांब्याहून तो किंचित् कमीच भरतो, आणि किंमत पुष्कळ कमी पडते. दुसरें असें कीं, नदीकांठच्या तांब्याच्या केबली रात्रींतून कापून, जाळून, धातु भंगारांत विकणाऱ्या चोरांचा उपद्रव आमच्या पुष्कळ वाचकांस झालेला आहे. पुरलेल्या अॅल्युमिनियमच्या केबलीवर चोर सहसा मेहनत घेत नाहीं. अॅल्युमिनियमचा दोष जोडांत आहे. त्यावर गंजाचा पातळ थर लगेच बसतो, दाबाखालीं तें हळूहळू पसरतें आणि स्क्रू सैल पडतो. नुसतें टोक स्क्रूखालीं पिळून न ठेवतां योग्य मापाचा लग दाबून बसवावा. जेथें तांब्याशीं गांठ पडते तेथें दोन धातूंचा लग मिळतो, तोच घ्यावा. सैल जोडामुळें एक फेज जाऊन दोन फेजवर मोटार चालत राहते व जळते, आणि दोष पुन्हा मोटारीवर येतो. ओव्हरलोड रिले व सिंगल फेज प्रिव्हेंटर ज्या स्टार्टरांत नाहींत तो स्टार्टर घेऊंच नये.

आतां खरी केबल कशी ओळखावी. भारतीय मानकांपैकीं आय. एस. ६९४ हें पी. व्ही. सी. आवरणाच्या साध्या व चपट्या केबलींचें, आय. एस. १५५४ हें जमिनींत पुरावयाच्या चिलखती पी. व्ही. सी. केबलींचें, आणि आय. एस. ७०९८ हें एक्स. एल. पी. ई. आवरणाच्या केबलींचें आहे. साधें पी. व्ही. सी. ७० अंशांपर्यंत, तर एक्स. एल. पी. ई. ९० अंशांपर्यंत टिकतें. केंद्र शासनाच्या २००३ सालच्या आदेशानें घरगुती व शेतीच्या उपयोगाच्या अशा पी. व्ही. सी. केबलींवर आय. एस. आय. शिक्का सक्तीचा झाला. शिक्का म्हणजे नुसतीं तीन अक्षरें नव्हेत. वर मानकाचा क्रमांक आणि खालीं सी. एम./एल. नें सुरू होणारा परवाना क्रमांक असावयास पाहिजे. मानक ब्यूरोच्या 'बी. आय. एस. केअर' या मोबाइलवरील साधनांत तो क्रमांक घालून परवाना कोणाचा व कशाचा आहे हें दुकानांतच पाहतां येतें. दुकानदार यानें रागावत असेल तर दुसरें दुकान पाहावें.

शिक्क्याखेरीज हातानेंही परीक्षा करावी. टोकाचें आवरण सोलून आंतील केस मोजावे. चारच्या लवचिक तारेंत बहुधा ०.३ मिलिमीटरचे ५६ केस असतात, अडीचमध्यें ३६, दीडमध्यें २२. एक केस चाकूनें खरवडावा. तांबें आंतबाहेर तांबडें असतें. खालीं पांढरा धातु उघडा पडला तर तें अॅल्युमिनियमवर चढविलेलें तांब्याचें पाणी आहे असें समजावें. दर मीटरला माप छापलेलें असतें, तें मोजपट्टीशीं ताडून पाहावें. बंडल आखूड भरल्याचीं उदाहरणें आमच्या पाहण्यांत आहेत. पक्क्या पावतीवर मानक, माप व लांबी लिहून घ्यावी.

आंथरणीच्या कामीं आमचा शेतकरी फार निष्काळजी आहे असें खेदानें लिहावें लागतें. केबल बांधावरून, झाडावरून, आणि सर्वांत वाईट म्हणजे तारकुंपणावरून नेण्याची चाल पडली आहे. उन्हानें आवरणास चिरा पडतात, उंदीर कुरतडतात, वाऱ्यानें ती तारेवर घासते, आणि पहिल्या पावसांत सारें कुंपण जिवंत होतें. रात्रींच्या पाळीची वीज आली म्हणून अनवाणी दारें धरावयास निघालेला माणूस अंधारांत त्याच कुंपणास हात लावतो. चिलखती केबल पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट खोल चर खणून, खालींवर वाळू घालून, वर विटा मांडून पुरावी. काळ्या भारी जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडतात व ती केबलीस ओढते. वाळूचा थर तेथें अधिकच उपयोगीं पडतो. नांगराच्या व ट्रॅक्टरच्या वाटेवर ती पाइपांतून न्यावी आणि दोन्ही टोकांस दगड रोवून खूण ठेवावी, नाहींतर पुढच्या पिढींतला मुलगा चर कोठून गेला हें विसरतो.

विहिरींतील जोडाविषयीं दोन शब्द. तिन्ही तारांचे जोड एकाच जागीं न आणतां मागेंपुढें ठेवावे, स्लीव्ह दाबून पक्के करावे, त्यावर रबराची स्वतःशींच चिकटणारी टेप आणि मग पी. व्ही. सी. टेप गुंडाळावी. नुसती काळी टेप पाणी धरून ठेवीत नाहीं. जोड बादलींतील पाण्यांत कांहीं वेळ बुडवून मेगरनें परीक्षा करून घ्यावी. पंप केबलीनें कधींही सोडूं किंवा ओढूं नये. केबल पाइपास पट्ट्यांनीं बांधावी आणि पंपास वेगळा दोर असावा.

अर्थिंगची तार हा अनावश्यक खर्च आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. तीन कोअरऐवजीं चार कोअर घ्यावी, किंवा अर्थची वेगळी तार मोटारीच्या बैठकीपर्यंत व पेटीपर्यंत न्यावी. फ्यूज आपणांस वांचवील हा भ्रम आहे. पंपाचा फ्यूज दहापंधरा अँपिअरला वितळतो, आणि त्यांत घरची जाड तार घातलेली असेल तर तेव्हांही वितळत नाहीं; माणसाच्या छातींतून अँपिअरचा विसावा भाग गेला तरी तो मरूं शकतो. उन्हाळ्यांत मुरमाड जमिनींतील अर्थिंगचा खड्डा सुकला म्हणजे त्याचा अवरोध इतका वाढतो कीं मोटारीची बॉडी जिवंत झाली तरी फ्यूज जाग्यावर राहतो. म्हणून खड्ड्यास पाणी घालावें, आणि त्याबरोबर गळती पकडणारें अर्थ लीकेज यंत्र बसवावें. माणसाच्या रक्षणासाठीं तें ३० मिलिअँपिअरचें असतें. तें वरचेवर पडतें म्हणून वायरमन तें वगळून सरळ जोड देतो असा आमचा अनुभव आहे. तें पडतें तेव्हां बहुधा कोठेंतरी वीज जमिनींत जात असते. ती जागा शोधण्याचे पैसे वायरमनला द्यावे, यंत्र वगळण्याचे नव्हे.

सौर पंप घेणारांची संख्या वाढत आहे, म्हणून त्यांच्यासाठीं एवढेंच लिहितों. ऊन आहे तोंवर पॅनेलांपासून कंट्रोलरपर्यंतची तार कोणत्याही बटणानें मेलेली होत नाहीं. ही वीज एकाच दिशेनें वाहणारी असल्यामुळें तिची ठिणगी सहजीं विझत नाहीं. तेथें उन्हांत टिकणारी सौर केबल व तिचेच कनेक्टर वापरावे. उरलेल्या पंपाच्या केबलचे तुकडे जोडूं नयेत.

आमच्या त्या सभासदांनीं पावसापूर्वीं चर खणून दहाची अॅल्युमिनियमची चार कोअर चिलखती केबल पुरली. नंतर आम्ही पुन्हा मीटर लावला, तेव्हां पेटीपाशीं ४१० व मोटारीपाशीं ३९५ व्होल्ट भरले. जुन्या दीडच्या केबलीला जागोजाग चिरा पडल्या होत्या. तरी ती गोठ्यांतील दिव्यांसाठीं लावूं काय असें त्यांनीं विचारलें. आम्ही नको म्हटलें. त्यांनीं निम्मी भंगारांत विकली आणि उरलेलीचे तुकडे करून दोडक्याचा मांडव बांधला.