१६ टीबी, फक्त ९९९!

ऑनलाइन बाजारात १६ टीबीचा ‘एसएसडी’ हजाराच्या आत दिसला, तर आत मेमरी कार्ड असणार हे धरून चालावं. असे डबे उघडणाऱ्यांना बऱ्याचदा ग्लू गननं चिकटवलेलं इवलंसं मायक्रोएसडी कार्ड सापडलंय. २०११ मध्ये तर चीनहून आलेल्या एका ५०० जीबीच्या हार्ड डिस्कच्या पोटातून १२८ एमबीचा पेनड्राइव्ह आणि दोन जाड नट निघाले होते. नट कशाला? हाताला वजन लागावं म्हणून! भामट्याला दाद द्यावी तेवढी थोडी.

खरी करामत फर्मवेअरची, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅमची. संगणकानं विचारलं, ‘बाबा रे, जागा किती?’, की ड्राइव्ह बिनदिक्कत १६ टीबी ठोकून देतो. विंडोज बिचारं भोळं. तुम्ही लग्नाचे फोटो टाकता, कॉपी बिनतक्रार होते, फायलींची नावं आणि आकारही जिथल्या तिथे दिसतात, कारण ती यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत बसते. खरी जागा संपली की पुढचा माल एकतर हवेत जातो, नाहीतर आधीच्याच फायलींवर लिहिला जातो. चार महिन्यांनी अल्बम उघडावा, तर अर्धा फोटो करडा!

फॉरमॅट करून हे पितळ उघडं पडत नाही. ड्राइव्ह काठोकाठ भरायचा आणि सगळं परत वाचून पाहायचं. त्यासाठी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री, दोन्ही प्रोग्रॅम फुकट. एफथ्रीचं पूर्ण नाव झकास आहे: ‘फाइट फ्लॅश फ्रॉड’. घाईत असाल तर प्रोग्रॅमर स्टीव्ह गिब्सन यांचं व्हॅलिड्राइव्ह यूएसबी ड्राइव्हमध्ये ५७६ ठिकाणी डोकावून खरं-खोटं सांगतं. परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका.

१ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसला, तर मात्र दुकानदारावर डाफरू नका. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं.

स्वस्तातला खरा माल कसा निवडायचा? एसएसडीतली टीएलसी चिप एका सेलमध्ये ३ बिट ठेवते, क्यूएलसी ४; म्हणून क्यूएलसी स्वस्त. पण चौथ्या बिटासाठी त्याच सेलमधल्या व्होल्टेजच्या १६ पातळ्या ओळखाव्या लागतात; म्हणून मोठी फाइल टाकताना कॅश, म्हणजे तात्पुरती वेगवान जागा, भरली की बैलगाडी. नुसते सिनेमे साठवायला चालेल, पण विंडोज टाकायचं तर थोडे जास्त मोजून टीएलसीच घ्या. जुन्या लॅपटॉपला साटा जोडणी असेल तर सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर वेग मिळणारच नाही, मग महागाचा हट्ट कशाला? एम.२ पट्टी घेताना स्लॉट साटाचा की त्याहून वेगवान एनव्हीएमईचा, हे आधी पाहा. दोन्ही पट्ट्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर घरबसल्या, जीएसटीचं बिल मागाच. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे ड्राइव्ह किती तास चाललाय, ते बघा. ‘नव्या’ ड्राइव्हचे तिथे हजारो तास भरले असतील, तर बिल घेऊन सरळ दुकान गाठा. दुकानदार दाद देईना? ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.